हिरव्या मिरचीचा पोर्क स्ट्यू: भाजलेली मिरची धुऊ नका

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात उन्हाळा सरता सरता हॅच खोऱ्यातली हिरवी मिरची बाजारात येते आणि दुकानांबाहेर जाळीच्या फिरत्या पिंपात भाजून मिळते. तिथल्या स्ट्यूची खरी चव या भाजण्यातच आहे. घरी भरताच्या वांग्यासारखी मिरची थेट गॅसवर धरा, साल सगळीकडून काळी पडून फुगू द्या. लगेच पातेल्यात घालून 15 मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे वाफेने साल नुसत्या बोटांनी सुटते. नळाखाली मात्र अजिबात धुऊ नका, सगळा खमंगपणा पाण्याबरोबर वाहून जातो. दोन-चार काळे ठिपके राहिले तर राहू द्यात.

1 किलो खांद्याच्या, चरबी असलेल्या मांसाला अर्धा किलो मिरची घ्या. तुकडे कोरडे पुसून थोडे थोडे तांबूस परता, मग कांदा, लसूण, चिरलेली मिरची, मीठ आणि बुडेल इतकं पाणी. मंद आचेवर दीड-दोन तास. बटाटे शेवटच्या 25 मिनिटांतच घाला, आधी घातले तर त्यांचा लगदा होतो.

हॅच मिळाली नाही तर भावनगरी घ्या, तिखटपणासाठी सोबत दोन लवंगी मिरच्या. तिकडे हा गव्हाच्या टॉर्टियाबरोबर खातात. गरम पोळीही छान लागते.