१७०० सेकंदांचं इंधन तपासायचं कसं

उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आहे. प्रोजेक्टचे दिवस आले की इंजिनिअरिंगची पोरं येतात आणि हल्ली एखाद्याच्या मोबाईलवर रॉकेटचं इंधन म्हणून धातुरूप हायड्रोजन, म्हणजे प्रचंड दाबाखाली धातूसारखा झालेला हायड्रोजन, असतोच. "काका, आयएसपी १७०० सेकंद! चेंबर करून द्या की."

चेंबर म्हणजे रॉकेटमधली तापलेल्या वायूची कोठी. आयएसपी म्हणजे इंधन आपल्या वजनाइतका जोर किती सेकंद देऊ शकतं, तो आकडा. तो तपासायला आधी कागद काढायचा. किलोमागे ऊर्जा किती, ते शोधा. हायड्रोजनचे दोन अणू जुळून रेणू होताना मोलला ४३६ किलोज्यूल सुटतात, म्हणजे किलोला २१६ मेगाज्यूल. ज्यूलमधला आकडा दुप्पट करा, वर्गमूळ घ्या, ९.८१ नं भागा. साधारण २१०० सेकंद येतात. सगळी उष्णता वेगात गेली तरची ही कमाल मर्यादा, तेव्हा १७०० गणितात बसतं. हेच हायड्रोजन-ऑक्सिजनला केलं तर सव्वापाचशेच्या आसपास येतं. याच जोडीवर चालणारं इस्रोचं सीई-२० रॉकेट इंजिन प्रत्यक्षात ४४० च्या घरात आहे. त्या जोडीतून कुणी सातशे सांगायला लागला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग विचारायचं, माल कुठाय? हायड्रोजनचा धातू होऊ शकतो, असं भाकीत विग्नर आणि हंटिंग्टन या शास्त्रज्ञांनी १९३५ मध्ये केलं. २०१७ मध्ये हार्वर्डच्या मंडळींनी हिऱ्यांच्या चिमटीत, ४९५ गिगापास्कल दाबाखाली तो केल्याचा दावा केला. त्यावर वाद झाला, नमुनाही टिकला नाही. दाब काढल्यावर हा धातू तसाच राहतो, हे कुणी दाखवलेलं नाही. वर चेंबरचं तापमान ६००० केल्विनच्या पुढं. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. आता चेंबर कशाचं करू?

हाताला काम पाहिजेच असेल तर रॉकेटचा जोर मोजायचा स्टँड करा, पाण्यावर. दोन लिटरची नवी कोल्ड्रिंकची बाटली लोडसेलला, म्हणजे वजन-जोर मोजणाऱ्या सेन्सरला, उलटी टांगायची. तोंडाला पितळी टी, बाजूला ट्यूबचा व्हॉल्व्ह, खाली बॉल कॉक आणि ६ मिमीचं नोझल. एक तृतीयांश पाणी, सायकलच्या पंपानं ४ बार, त्यावर नाही. डोळ्यांना गॉगल, कॉक लांबून दोरीनं ओढायचा.

नोझल बारीक का? बाटलीचं तोंड उघडं सोडलं तर सगळं पाणी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जातं. लोडसेलचं वाचन घेणारा एचएक्स७११ बोर्ड मूळ सेटिंगला सेकंदाला दहाच वाचनं घेतो, म्हणजे खेळ संपल्यावर जागा होतो. त्याला ८० वर टाका. ६ मिमीला सेकंदभर तरी धार चालते आणि आलेख दिसतो. जोर सुरुवातीला दोन किलोच्या आसपास, म्हणून लोडसेल ५ किलोचा बास. किराणा दुकानातली शिक्क्याची वजनं लावून तो आधी जुळवून घ्या. वजन चढवताना आणि उतरवताना, दोन्ही वेळा वाचन टिपा.

अजून एक मेख आहे. पाणी जाईल तसं बाटलीचं वजन घटतं, तेही सेल मोजतो. भरलेल्या बाटलीवर शून्य केलं असेल तर शेवटी काटा शून्यावर येत नाही. साडेसहाशे ग्रॅमचा फरक उरतो. तो उतार वजा करूनच आलेखाखालचं क्षेत्रफळ न्यूटन-सेकंदात काढा, गेलेल्या पाण्याच्या वजनानं, तेही न्यूटनमध्ये, भागा. हाच पाण्याचा आयएसपी, गणितानं अडीच सेकंद येतो. तुमचं थोडं कमीच येणार. अडीचच्या वर आलं तर इंधन भारी नाही, स्टँड चुकलाय.

खरा हायड्रोजन या स्टँडवर लावायचा नाही. हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत तो पेट घेतो, ठिणगी ०.०२ मिलीज्यूलची पुरते आणि दिवसा ज्वाला दिसत नाही. माझ्या शेजारी तर दिवसभर वेल्डिंग चालतं. बॅटरी लावून पाण्यातून गॅस काढलेली बाटली घेऊन कुणी आलं, तर शटरच्या आत घेत नाही.