खाणीचं पाणी तपासताय? मग या चुका टाळा

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे, केपे हा सगळा लोहखनिजाचा पट्टा, आणि तिथला जवळपास प्रत्येक व्हाळ (म्हणजे ओढा) फिरून-फिरून शेवटी मांडवीत नाहीतर जुवारीत जातो. या भागात पाण्याचे सॅम्पल घेणाऱ्यांचे, त्यात मीपण आलो, बरेच घोळ बघितलेत. लॅबचा दोष त्यात फार कमी असतो, बाटली कधी आणि कुठे भरली इथेच गाडी घसरते.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे डिसेंबर-जानेवारीत जाणं. पर्यावरण परिणाम अहवालाला एका सीझनचा डेटा, तोही पावसाळा सोडून, चालतो, म्हणून सगळे तेव्हाच जातात, हवा पण छान असते. पण गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिमी पाऊस पडतो, तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि इथे एक टन खनिजामागे अडीच-तीन टन माती-दगड काढून डंपावर, म्हणजे खाणीजवळच्या ढिगाऱ्यावर, टाकलेला असतो, तो खाली येणार कधी, पावसातच ना! डिसेंबरात तोच व्हाळ नितळ दिसतो आणि रिपोर्ट एकदम क्लीन. जूनच्या पहिल्या मोठ्या सरींत जा, पाऊस चालू असतानाच तासातासाला बाटली भरा. दुसऱ्या दिवशी गेलात तर गाळ कधीच खालच्या शेतात जाऊन बसलेला असतो.

आणि प्लीज, टीडीएसचा पेन बुडवून "पाणी ठीक आहे" म्हणू नका. तो पेन विरघळलेले क्षार मोजतो, गाळ त्याला दिसतच नाही, लालभडक पाण्यातही आकडा मस्त येतो. इथे तरंगता गाळ मोजायचा असतो, म्हणजे पाणी गाळायचं, कागद सुकवायचा, वजन करायचं. तसंच पीएच. कोळसा खाणीची चेकलिस्ट उचलून लोक इथे आम्लाचं पाणी शोधत बसतात, पण ते होतं गंधकवाल्या खनिजामुळे आणि इथलं खनिज मुख्यतः ऑक्साइड आहे, त्यामुळे पीएच नॉर्मल आला म्हणून खूश व्हायचं कारण नाही. उलट बाजूने, पाणी लाल म्हणजे खाणच असंही नाही, जांभ्याची जमीन आहे, पावसात साधा ओढाही तांबडा होतो. म्हणून शेजारचा, वर खाण नसलेला एक व्हाळ त्याच दिवशी मोजायचाच.

आता माझी फजिती. खनिज बार्जमध्ये (मालवाहू होड्यांत) भरतात त्या एका जेटीच्या, म्हणजे धक्क्याच्या, वर आणि खाली असे दोन सॅम्पल घेतले, दोन्हीत गाळ जवळपास सारखाच. दोन दिवस डोकं खाल्लं, लॅबवर संशय घेतला, मग चहाच्या टपरीवर बार्जवरचा एक खलाशी सहज बोलला, "अहो, तेव्हा भरती होती, पाणी वर चाललेलं." संपला विषय! मांडवी-जुवारीत भरती समुद्रापासून सुमारे 50 किमी आत येते, म्हणजे तुमची "वरची" बाटली खालच्याच पाण्याने भरलेली असू शकते. भरती-ओहोटीचं टेबल बघून जा, ओहोटीतच भरा, बाटलीवर वेळ लिहा.

लोह तपासताना दुसराच लोचा होतो. विहिरीचं पाणी बाटलीत स्वच्छ दिसतं, लॅबला पोचेपर्यंत तळाला नारिंगी साका बसतो, मग वरचं पाणी तपासून लोह कमी येतं. लोह तळाला बसू नये म्हणून कोणीतरी सांगतं नायट्रिक अ‍ॅसिड घाला, ते न गाळताच घातलं की मातीतलंही लोह विरघळतं आणि आकडा फुगतो. जागेवरच 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरने गाळून मग अ‍ॅसिड, आणि एकूण लोहासाठी न गाळलेली वेगळी बाटली.

पिट, म्हणजे खाणीचा खड्डा, उपसला की विहिरी आटतात ही शिरगाव-मुळगाव बाजूची जुनी तक्रार. पण तिची दुसरी बाजू कोणी धरत नाही. उपसलेलं पाणी व्हाळात सोडलं की उन्हाळ्यातही व्हाळ वाहतो, त्यावर वायंगण (पावसाळ्यानंतरची भात) शेती होते, आणि अहवालात ते "प्रवाह सुधारला" म्हणून चढतं. अरे, ते जमिनीतलंच पाणी आहे, विहिरीच्या खात्यातून काढून व्हाळाच्या खात्यात टाकलेलं! म्हणून पंप किती तास चालतात ते आधी विचारा. 2012 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, 2018 च्या मार्चमध्ये परत थांबल्या, त्या वर्षांची विहिरींची पातळी कुठे मिळाली तर तुलनेसाठी सोनं समजा. फक्त खाण बंद म्हणजे परिणाम बंद असं धरू नका, डंप तिथेच असतात आणि पाऊस दरवर्षी येतो.

विहिरीची पातळी मोजताना कोणी कठड्यावरून मोजतं, कोणी जमिनीपासून, आणि दोघांची वही एकच. कठड्यावर एक खूण करा, पंप बंद करून थोडं थांबा, मग टेप सोडा. खूण ऑइल पेंटनेच करा, चुन्याची पहिल्या पावसातच धुऊन जाते.