मिनी ट्रॅक्टर जॅक स्टँडवर घेताना या चुका टाळा

द्राक्षबागेतल्या मिनी ट्रॅक्टरची मागची चाकं काढायची वेळ अनेकदा येते. कधी ओळींच्या अंतराप्रमाणे रिम उलटी करून चाकांची रुंदी बदलायची असते, कधी ऑइल सील गळतं. ही कामं बरेचजण शेडमध्ये घरच्या घरीच करतात. ट्रॅक्टर दिसतो लहान, पण पंधरा-वीस एचपीच्या मशीनचं वजन साधारण ७०० ते ९०० किलो भरतं. ते अंगावर आलं तर माणूस वाचत नाही.

सगळ्यात घातक चूक पुढच्या बाजूला होते, आणि तिकडे कुणी बघतच नाही. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, मध्यभागी एका पिनवर डुलतो. खाचखळग्यात चारही चाकं जमिनीला टेकावीत म्हणून ही सोय असते. पण मागून मध्यभागी एकच जॅक लावून दोन्ही चाकं उचलली, की सगळा ट्रॅक्टर दोनच बिंदूंवर उभा राहतो: मागे जॅक आणि पुढे ती पिन. बाजूला कलण्यापासून त्याला अडवणारं काहीच उरत नाही. नट सोडवायला पान्याला एक झटका दिला तरी तो कलंडू शकतो. म्हणून उचलण्याआधीच पुढचा एक्सल आणि त्याच्या वरचा ब्रॅकेट यांच्या फटीत, पिनच्या दोन्ही बाजूंना, बाभळीसारख्या कठीण लाकडाच्या पाचरी ठोकून घट्ट बसवा. दहा मिनिटांचं काम आहे. घाई असली तरी ते सोडू नका.

दुसरी चूक हँडब्रेकवर विसंबण्याची. बहुतेक मिनी ट्रॅक्टरचा ब्रेक मागच्या चाकांवरच चालतो, आणि तीच चाकं हवेत आहेत. ‘गिअरमध्ये टाकलाय’ हाही भरवसा खोटा. मागचं एकच चाक उचललं तर डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरची रचना) ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक पुढे सरकू शकतं. जी चाकं जमिनीवर राहणार आहेत, त्यांना पुढून-मागून ठोकळे लावा.

ब्लोअर (फवारणीचं यंत्र) किंवा रोटाव्हेटर जोडलेला ठेवून उचलू नका. ब्लोअरच्या टाकीत पाणी असेल तर आधी रिकामी करा. मागच्या टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असलं, तर ते चाक एकट्यानं सावरायला जाऊ नका.

हायड्रॉलिक जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. त्याचं सील कधी दगा देईल ते बाहेरून कळत नाही. उचललं की मागच्या एक्सलच्या दोन्ही बाजूंच्या हाउसिंगखाली, म्हणजे त्याच्या जाड लोखंडी कवचाखाली, जॅक स्टँड (वजन पेलणारे लोखंडी टेकू) लावा, वजन त्यांवर सोडा आणि जॅक नुसता टेकवून ठेवा. इंजिनाच्या चेंबरखाली (खालची ऑइलची टाकी) किंवा ब्रेकच्या रॉडखाली टेकू देऊ नका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक तर कधीच नकोत, ते एका क्षणात फुटतात.

उचलताना अडचण आली तर:

जॅक चढतोय पण ट्रॅक्टर हलत नाही. खाली बघा, जॅक मातीत रुततोय. काळ्या जमिनीत हे हमखास होतं. काँक्रीटवर या, ते जवळ नसेल तर पक्क्या सपाट जागी जॅक आणि स्टँडखाली दोन इंच जाडीची रुंद फळी टाका.

स्टँडचा एक पाय तरंगतोय. चपटा दगड सारून भागवू नका. ट्रॅक्टर खाली घ्या, जागा सपाट करा आणि पुन्हा उचला.

स्टँडवर घेतल्यावर ट्रॅक्टर डुलतोय. ही परीक्षा चाकं ट्रॅक्टरला बसवलेली असतानाच, बाजूला उभं राहून हातानं ढकलून घ्यायची. डुलला तर पाचरी आणि स्टँडच्या पिना तपासा. तोवर खाली हातसुद्धा घालायचा नाही.

नट हलत नाहीत. पान्याला पाइप लावून जोर करायचा तो चाक जमिनीवर असताना. तिथे ते थोडे सैल करून मगच उचला. शेवटचं आवळणंही ट्रॅक्टर खाली उतरवल्यावर, समोरासमोरचे नट आळीपाळीनं घेत. आणि तासभर काम झाल्यावर पान्यानं एकदा परत तपासा.