दादियानी घराण्यावर लिहिताय? या चुका टाळा

माझ्या जुन्या वहीत एक नोंद आहे : 'लेवान दादियानी, कारकीर्द १६११ ते १८४६.' म्हणजे २३५ वर्षं. आणि लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही! झालं असं, की एका पुस्तकातून लेवान दुसरा उतरवला (१६११ ते १६५७), दुसऱ्यातून लेवान पाचवा (मृत्यू १८४६), आणि महिनाभराने टिपणं एकत्र करताना दोघांचा एकच माणूस झाला.

पश्चिम जॉर्जियात, काळ्या समुद्राला लागून असलेल्या समेग्रेलो प्रांतावर दादियानींनी काही शतकं सत्ता गाजवली. झुगदिदी गावातला त्यांचा वाडा आज संग्रहालय आहे आणि तिथे नेपोलियनचा मृत्यूनंतर घेतलेला मुखवटा ठेवला आहे. आपल्याकडची सहलीहून परतलेली मंडळी बहुधा त्या मुखवट्यापासूनच लिहायला सुरुवात करतात, आणि गडबडही तिथूनच सुरू होते. मुखवट्याकडे येऊच, आधी मूळ घोळ बघू.

पदाला आडनाव समजणं

बाकीच्या निम्म्या चुका या एका चुकीतून निघतात.

मध्ययुगीन जॉर्जियाच्या राजाने प्रांताप्रांतांवर नेमलेल्या अधिकाऱ्याला 'एरिस्तावी' म्हणत. 'एरी' म्हणजे लोक किंवा सैन्य, 'तावी' म्हणजे डोकं. आपला 'देशमुख' शब्द याच पद्धतीने बनलाय. दोन्हीकडे पुढे तेच झालं : पद वंशपरंपरागत झालं आणि शेवटी आडनाव होऊन बसलं. एरिस्तावी आडनावाची माणसं जॉर्जियात आजही भेटतात. (२०२५ मध्ये जॉर्जियातल्याच बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकला, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा हीच जोडी आली. इतिहासाचा नाद लागला की असं होतं.) साम्य मात्र फार ताणू नका. देशमुख परगण्याचा वसूल बघायचा, एरिस्तावीच्या हाताखाली अख्खा प्रांत आणि त्याची फौज असायची.

दादियानी हे ओदिशीचे एरिस्तावी. ओदिशी म्हणजेच समेग्रेलो. तुमच्या फोनचा कीबोर्ड त्याचं 'ओडिशी' करून टाकेल, तेवढं बघा. हळूहळू 'दादियानी' हा शब्दच गादीचा किताब बनला. सतराव्या शतकातले युरोपीय प्रवासी 'तो दादियान' असं लिहितात, जणू 'तो सुलतान'. इथे आपल्याला पेशव्यांचं उदाहरण जवळचं. पेशवे हे पद, घराणं भटांचं; आणि बाळाजी विश्वनाथांच्या आधीही पेशवे होतेच.

समेग्रेलोत नेमकं असंच झालं. लेवान दुसऱ्यानंतर जुनी शाखा खिळखिळी झाली. सतराव्या शतकाच्या अखेरीस लेचखुमी भागातल्या चिकोवानी घराण्याने सत्ता बळकावली आणि पुढे त्यांनी दादियानी हेच नाव लावलं. एकोणिसाव्या शतकातले झुगदिदीच्या वाड्यातले दादियानी हे या दुसऱ्या घराण्याचे. म्हणून बाराव्या शतकापासून १८६७ पर्यंत बाप-लेक अशी सरळ रेघ ओढलेला वंशवृक्ष दिसला, की सतराव्या शतकापाशी थांबून बघा. तिथे चिकोवानींचं नाव नसेल तर पुढचं सगळं पुन्हा तपासायला लागेल.

सरसकट 'राजे' म्हणणं

जॉर्जियात राजा म्हणजे 'मेपे', आणि तो मान बाग्रातिओनी घराण्याचा. दादियानी होते 'म्तावारी', म्हणजे आपल्या मुलखात सर्वेसर्वा, पण कागदोपत्री कुताइसीला बसणाऱ्या इमेरेतीच्या राजाचे मांडलिक. प्रत्यक्षात कोण कोणाला विचारत होतं हा वेगळा प्रश्न. लेवान दुसऱ्याने इमेरेतीच्या राजालाच रणांगणात धूळ चारली. 'राजा' लिहिलंत की ही सगळी ओढाताणच गायब होते, आणि खरी गोष्ट तर त्या ओढाताणीतच आहे.

घराण्याचं वजन किती होतं हे दाखवायला विशेषणं लागत नाहीत. त्सालेनजिखाच्या चर्चमध्ये जा. चौदाव्या शतकाच्या शेवटी वामेक दादियानीने तिथली भित्तिचित्रं काढायला थेट कॉन्स्टँटिनोपलहून चित्रकार बोलावला, मानुएल एव्गेनिकोस. भिंतीवरच्या ग्रीक आणि जॉर्जियन लेखात त्याचं नाव आहे, त्याला आणायला माणसं पाठवली होती हेही आहे. एका प्रांताचा कारभारी बायझंटाइन राजधानीतून कलावंत मागवतो आणि तो येतो! 'प्रभावशाली घराणं' हे दोन शब्द खोडा आणि त्या जागी हे लिहा.

दादियानी आणि दादेशकेलियानी एकच समजणं

नावं सारखी वाटतात, मुलूखही लागून. दादेशकेलियानी हे वरच्या स्वानेतीतलं, उंच डोंगरातलं वेगळं घराणं. गोंधळ वाढवायला स्वानेतीचे तीन भाग : एक कोणाच्याच ताब्यात नसलेलं 'स्वतंत्र स्वानेती', एक दादेशकेलियानींचं आणि खालचं, त्स्खेनिसत्स्काली नदीच्या खोऱ्यातलं, 'दादियानींचं स्वानेती'. त्यात १८५७ साल. त्या वर्षी कॉन्स्टंटाइन दादेशकेलियानीने कुताइसीत रशियन गव्हर्नर गागारिनला भोसकलं आणि त्याला मृत्युदंड झाला. त्याच वर्षी समेग्रेलोत शेतकऱ्यांचं बंड पेटलेलं. ही दोन प्रकरणं एकाच परिच्छेदात कालवलेली मी वाचली आहेत, 'दादियानीने गव्हर्नरचा खून केल्यामुळे रशियाने संस्थान घेतलं' अशी. सुसंगत वाटतं, म्हणूनच घातक.

'नेपोलियनचे वंशज'

आता मुखवटा. १८६८ मध्ये सालोमे दादियानीचं लग्न आशिल मुराशी झालं. आशिलचे आजोबा जोआकिम मुरा, आजी कॅरोलिन म्हणजे नेपोलियनची बहीण. म्हणजे सालोमेची मुलं ही नेपोलियनच्या बहिणीची पतवंडं. थेट वंशज नव्हेत, आणि दादियानी घराणं तर मुळीच नव्हे. मुखवटा झुगदिदीला आला तो या सोयरिकीमुळे. मृत्युमुखवट्याच्या ज्या ब्राँझ प्रती केल्या गेल्या, त्यांतली ती एक.

पण खरं पाणी मुरतं ते पुढेच. आशिल मुरा दोन आहेत. सालोमेचा नवरा १८४७ मध्ये जन्मला, १८९५ मध्ये गेला. त्याच नावाचा त्याचा चुलता अमेरिकेत फ्लोरिडाला स्थायिक झाला होता आणि वारला १८४७ मध्येच, पुतण्या जन्मला त्याच वर्षी. फ्लोरिडाला लागून असलेल्या राज्याचं नाव जॉर्जिया! 'आशिल मुरा जॉर्जिया' असं शोधलंत तर कुठला मुरा समोर येईल याचा भरवसा नाही. जॉर्ज वॉशिंग्टनच्या नात्यातली बायको दिसली, की चुलता सापडला असं समजा आणि मागे फिरा.

माणूस सापडत नाही म्हणून सोडून देणं

शिंद्यांचं इंग्रजांनी सिंधिया केलं, तसं दादियानींचं रशियनांनी दादियानोव्ह केलं. फ्रेंचमध्ये 'दादियान'. शेवटचा सत्ताधीश निको याला संस्थान गेल्यावर 'मिंग्रेल्स्की' किताब मिळाला, कारण समेग्रेलोला बाहेरचे लोक मिंग्रेलिया म्हणत. १८८६-८७ मध्ये बल्गेरियाच्या रिकाम्या गादीसाठी रशियाने याच निकोचं नाव पुढे केलं होतं. त्या कागदांत 'दादियानी' शोधून हाती काही लागलं नाही, तर 'मिंग्रेलियाचा राजपुत्र' शोधा. त्याचा भाऊ आंद्रिया बुद्धिबळाच्या जगात 'प्रिन्स दादियान' म्हणून ओळखला जातो. १९०३ च्या माँटे कार्लो स्पर्धेतून रशियाच्या चिगोरिनला बाहेर ठेवायला लावणारे महाशय हेच.

निकोही एकच नाही. १७६४ ते १८३४ या काळातला निको दादियानी इतिहासकार होता, त्याने जॉर्जियनांचा इतिहास लिहिला. 'निको दादियानी लिहितो' आणि 'निको दादियानीने सत्ता सोडली' हे दोन वेगळे निको. नावापुढे कंसात जन्म-मृत्यूची सालं लिहायची सवय लावून घ्या. मी वेळीच लावली असती तर २३५ वर्षांचा लेवान जन्माला आला नसता.

तारीख जुळत नाही म्हणून एक खोटी ठरवणं

एकोणिसाव्या शतकातल्या दोन पुस्तकांत बरोबर १२ दिवसांचा फरक दिसला, तर दोन्ही खरी असू शकतात. रशियन कारभार ज्युलियन पंचांगावर चालायचा. मध्ययुगीन लेखांत प्रकरण आणखी गमतीचं : तिथे 'कोरोनिकोन' नावाची ५३२ वर्षांची आवर्तनं. एक आवर्तन इसवी सन ७८० मध्ये संपलं, पुढचं १३१२ मध्ये. लेखात नुसतं '७२' असेल तर ते ८५२ किंवा १३८४. आवर्तन कोणतं, हे अक्षरांच्या वळणावरून आणि लेखातल्या माणसांवरून ठरवायचं. आपल्याकडच्या शक-संवताच्या बेरीज-वजाबाकीला सरावलेल्यांना हे अवघड नाही.

संस्थान '१८०३ मध्ये संपलं'

१८०३ मध्ये ग्रिगोल दादियानीने इमेरेतीच्या राजाच्या दडपणाला कंटाळून रशियाचं संरक्षण घेतलं. संरक्षण म्हणजे विलीनीकरण नव्हे. तैनाती फौज आणि खालसा यातला फरक मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. अंतर्गत कारभार दादियानींकडेच राहिला. १८५३ मध्ये दावित दादियानी वारला, मुलगा निको लहान, म्हणून कारभार आईकडे आला. ही एकातेरिने, पूर्वेकडच्या चावचावाद्झे घराण्यातली, कवी अलेक्झांडर चावचावाद्झेची मुलगी. १८५५ मध्ये क्रिमियन युद्धात ओमर पाशाची तुर्की फौज एन्गुरी नदी ओलांडून झुगदिदीत शिरली, तेव्हा तिने शत्रूशी जुळवून न घेता प्रतिकार उभा केला. १८५७ मध्ये रशियाने तिला कारभारातून दूर केलं आणि १८६७ मध्ये संस्थान रीतसर बरखास्त झालं. या सालांपैकी एकच निवडून 'शेवट' म्हणायचं असेल तर १८६७ म्हणा.

फक्त वाड्यातून बघणं

एकातेरिनेवर लिहिताना लेखणी हळवी होते, कारण देखणी, शूर, बाराताश्विलीसारख्या कवीने जिच्यावर जीव टाकला अशी बाई. पण १८५७ मध्ये तिला हटवायला रशियाला निमित्त मिळालं ते प्रजेच्या बंडाचं. त्याचा पुढारी ऊतू मिकावा, पेशाने लोहार. आडनावाच्या शेवटचं '-आवा' अस्सल मेग्रेली, म्हणजे समेग्रेलोतलं. समेग्रेलोतला शेतकरी जमिनीला आणि धन्याला बांधलेला वेठबिगार होता. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या मुलखात वसुली मात्र थांबली नव्हती. सतराव्या शतकात तिथे राहिलेला इटालियन पाद्री लाम्बेर्ती आणि १६७२ च्या सुमाराला तिथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या शार्दाँ, दोघांनीही तिथली माणसं तुर्कांना विकली जात असल्याचं लिहून ठेवलंय. शार्दाँ स्वतः तिथे लुटीच्या भीतीने हैराण झाला होता, त्यामुळे त्याचा कडवटपणा थोडा वजा करून वाचा. पण माणसांच्या विक्रीबद्दल दोघांचं म्हणणं जुळतं.

समेग्रेलोतली वेठबिगारी कायद्याने उठली १८६७ मध्ये. संस्थान गेलं तेच साल. मी चाळलेल्या बहुतेक लेखांत त्या वर्षापुढे एकच घटना लिहिलेली असते, वाड्यातली.