झोपेत किंचाळत उठणाऱ्या लेकराला कसं सांभाळावं

लेकरू झोपून तास-दीड तास झालेला असतो आणि एकदम किंकाळी ऐकू येते. जाऊन पाहावं तर ते अंथरुणात बसलेलं, डोळे सताड उघडे, मान घामाने चिंब, छाती धडधडतेय. जवळ घ्यायला गेलं तर ढकलून देतं. "आई, आई" ओरडतं आणि आई समोर बसली असताना तिला ओळखत नाही. पाच-दहा मिनिटांनी आपोआप आडवं होतं. सकाळी विचारलं तर त्याला काहीच आठवत नाही. माझ्या थोरल्याला हे पाचव्या वर्षी सुरू झालं, पुढे बहिणीच्या मुलीला, मग आमच्या गल्लीत आणखी तीन घरांत. भुसावळला आमच्या भागात आता कुणाचं लेकरू असं उठलं की त्याची आई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येते. तिला मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

पहिली गोष्ट, हे वाईट स्वप्न नव्हे. वाईट स्वप्न बहुतेक उत्तररात्री, पहाटेकडे पडतं. लेकरू पूर्ण जागं होतं, आपल्याला बिलगतं, काय दिसलं ते सांगतं. हे किंचाळणं पूर्वरात्रीचं, अगदी गाढ झोपेतलं. शरीर उठून बसलेलं असतं, पण झोप मोडलेली नसते. डॉक्टर याला नाइट टेरर म्हणतात. साधारण तीन ते बारा वर्षांच्या मुलांत दिसतं, पुष्कळदा घराण्यात चालत येतं (माझे यजमान लहानपणी झोपेत चालत अंगणापर्यंत जायचे) आणि बहुतेकांचं वयात येईपर्यंत थांबतं. तान्ह्या बाळाचं रात्रीचं रडणं हा वेगळा विषय आहे, त्याला हे लागू करू नका.

"पोऱ्याले नजर लागनी," असं म्हणून सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, दोरा बांधला. त्यांचा जीव तुटत होता, मी त्यांना दोष देत नाही. पण लेकराच्या देखत "तुला बाहेरचं लागलंय" असं कुणीही बोलू नये, यावर मी ठाम आहे. त्याला रात्रीचं काही ठाऊक नसतं. आपणच सकाळी सांगून त्याच्या मनात भीती घालतो, आणि मग ते झोपायलाच घाबरतं.

किंचाळत असताना

दिवा मंद ठेवा, शेजारी बसा, कुठे आपटणार नाही एवढं पाहा, हळू आवाजात "काही नही रे भाऊ, झोप" म्हणत राहा. बस. गदागदा हलवू नका, घट्ट आवळून धरू नका, तोंडावर पाणी मारू नका. मी हे सगळं केलेलं आहे. मे महिना होता, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो. तो किंचाळत उठला तसा मी तांब्यातल्या पाण्याचा हबका मारला आणि खांदे धरून हलवलं. तो हिसडा मारून सुटला आणि थेट कठड्याकडे पळाला. यजमानांनी मागून बनियन धरलं. ते खांद्यावर टरकन फाटलं, पण पोर हाती राहिलं. ते फाटकं बनियन मी बरेच दिवस टाकलं नव्हतं.

म्हणून, असं उठणारं किंवा झोपेत चालणारं मूल गच्चीवर, धाब्यावर किंवा उंच खाटेवर झोपवायचं नाही. कितीही उकडू द्या. खाली कूलरपुढे जमिनीवर गादी घाला, आणि बाहेरच्या व जिन्याच्या दाराला त्याचा हात पोचणार नाही अशी कडी लावा.

आधी झोपेचं कर्ज फेडा

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची झोप धरून 10 ते 13 तास लागतात, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12. आपल्याकडे कानबाईची रात्र, हळद-लग्नं, आखाजीला मामाच्या गावी उशिरापर्यंतचा खेळ, यात ती मोडते. अपुऱ्या झोपेनंतर शरीर जास्त गाढ झोप घेतं, आणि गाढ झोपेतूनच ही किंकाळी निघते. जागरणानंतरच्या रात्री किंवा ताप आला की हे हमखास दिसतं. तेव्हा झोपायची वेळ अर्धा तास अलीकडे घ्या, संध्याकाळचा चहा बंद करा, झोपायच्या आधी लघवीला न्या. निम्म्या घरांत एवढ्यावरच भागलं.

वेळेआधी उठवणं

एवढं करूनही आठवड्यातून चार-पाच रात्री किंकाळी येत असेल, तर खरं काम इथे आहे. किंकाळी सुरू झाल्यावर आपल्या हाती काही नसतं. जे करायचं ते तिच्या आधी. ज्या वेळी ती येते त्याच्या पंधरा-वीस मिनिटं अलीकडे मुलाला आपणच हलकं जागं करायचं, म्हणजे गाढ झोपेचा तो टप्पा तिथे मोडतो. महिन्यातून एकदा उठणाऱ्या मुलासाठी मात्र हा खटाटोप करू नका.

यात माझा सगळा गोंधळ वेळेचा झाला. आधी दहा-बारा रात्रींची वही ठेवा: किती वाजता आडवं झालं ते नव्हे, तर झोप किती वाजता लागली, आणि किंकाळी किती वाजता आली. माझ्या वहीत किंकाळी पावणेअकराच्या आसपास दिसत होती, म्हणून मी रोज साडेदहाचा गजर लावला. दोन रात्री जमलं, तिसऱ्या रात्री गजराआधीच तो ओरडत उठला, चौथ्या रात्री मी उठवून झोपवलं आणि अर्ध्या तासाने पुन्हा तेच. मी उपायालाच नावं ठेवली. मग एक दिवस वही घेऊन बसले तेव्हा लक्षात आलं की घड्याळ बघण्यात अर्थ नाही, झोप लागल्यापासूनचं अंतर बघायचं. ते जवळजवळ रोज दीड तासाचं होतं. सव्वानऊला झोप लागली तर पावणेअकरा, साडेआठला लागली तर दहा. त्यानंतर गजर आदल्या दिवशीच्या वेळेवर कधीच लावला नाही. पोराचा श्वास संथ झाला, हाताची मूठ सैल पडली, की तेव्हापासून सव्वा तास मोजून लावायचा.

दुसरी चूक उठवण्यातली. मी त्याला उचलून उभं करायची, दिवा लावायची, तो चिडून रडायचा आणि पुढे तासभर झोपायचा नाही. असं नको. खांद्यावर हात ठेवा, नावाने हाक मारा, तळपाय चोळा. डोळे उघडून "हं" म्हणालं, आपल्याकडे पाहिलं, एक घोट पाणी प्यायलं, की झालं. मोरीपर्यंत चालवून लघवी करवून आणलं तर उत्तम. चार-पाच मिनिटं जागं राहू द्या, मग परत झोपवा. नुसती कूस बदलली तर ते जागं झालेलं नाही, तेव्हा "उठलाय वाटतं" म्हणून सोडून देऊ नका.

उठवता उठवता किंकाळी सुरू झाली तर तुम्हाला उशीर झाला आहे. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं अलीकडे या.

हे रोज करायचं, दोन ते चार आठवडे, एकही रात्र न चुकता. घरातून विरोध होतो, "झोपलेल्या लेकराला उठवू नये" म्हणतात. मी सासूबाईंना वही दाखवली, मग गजर वाजला की त्याच मला हाक मारू लागल्या. आम्हाला तीन आठवडे लागले. मग उठवणं बंद केलं. पुढे पावसाळ्यात पुन्हा सुरू झालं, तेव्हा दहा दिवसांत आवरलं.

घरचे उपाय कुठे थांबवायचे

किंकाळीबरोबर हातपाय एकाच तऱ्हेने झटके देत असतील, अंग ताठ होत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, एका रात्रीत अनेकदा होत असेल किंवा दिवसाही असं काही दिसत असेल, तर ती फिट असू शकते. लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. मूल रोज घोरत असेल, मध्येच श्वास अडकल्यासारखा होत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. वाढलेल्या टॉन्सिलमुळे किंवा नाकामागच्या गाठींमुळे झोप मोडते आणि किंकाळ्या वाढतात. आणि आधी कधीच नव्हतं, पण तेराव्या-चौदाव्या वर्षी पहिल्यांदा सुरू झालं, तर घरी वही ठेवत बसू नका, दाखवून या.

जाताना मोबाइलवर त्या प्रकाराचं चित्रण करून न्या, मिनिटभराचं पुरे. मूल डॉक्टरांसमोर दिवसा हसत-खेळत बसलेलं असतं, आणि तोंडी सांगताना आपल्याकडून नेमकं तेवढंच निसटतं, की आधी अंग ताठ झालं की आधी ओरडला.