ब्लॅकपूलला निघण्याआधी: साठीनंतरच्या पंक महोत्सवाची तयारी

रिबेलियन या पंक रॉकच्या महोत्सवाला जायचं पक्कं झालं की पहिली खरेदी कानांसाठी करा. ऑगस्टच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला, विंटर गार्डन्स या सभागृहांच्या संकुलात चार दिवस दुपारपासून रात्री उशिरापर्यंत अनेक मंच एकाच वेळी चालू असतात. 100 डेसिबलच्या आवाजात उघड्या कानांनी पंधरा मिनिटांहून जास्त थांबू नये, आणि पुढच्या प्रत्येक 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. फोमचे स्वस्त बोळे वरचे स्वर गिळतात, मग गाण्यातले शब्दच लागत नाहीत. वादकांसाठी बनवलेले फिल्टरचे इअरप्लग सगळा आवाज साधारण सारखाच उतरवतात. ते आधी घरी रेकॉर्ड लावून घालून बघा. श्रवणयंत्र असेल तर ऑडिऑलॉजिस्टना आत्ताच भेटा, संगीतासाठी वेगळं सेटिंग करून मिळतं.

मग पाय. नवे डॉक मार्टेन्स बूट तिथे पहिल्यांदा घालू नका. ते कातडं मऊ पडायला काही आठवडे जातात. घरात रोज थोडा वेळ जाड मोजे घालून वापरा, आत चांगला इनसोल टाका. गुडघे कुरकुरत असतील तर विंटर गार्डन्समधली एम्प्रेस बॉलरूम तुमचा मित्र आहे. 1896 सालच्या या दालनात बॉलरूम नृत्याच्या मोठ्या स्पर्धा होतात, त्यामुळे तिथली लाकडी जमीन लवचीक आहे. तिथल्याच ऑपेरा हाऊसमध्ये तर जवळपास 3000 खुर्च्या आहेत. बसून ऐकल्याने पंक कमी होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ द्या वेळापत्रकाला. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जे गायक-वादक आपल्याला कॅसेटवर भेटले, त्यातले बरेच आता राहिले नाहीत. एक्स-रे स्पेक्स या बँडची पॉली स्टायरीन 2011 मध्ये गेली, बझकॉक्सचा पीट शेली 2018 मध्ये, गँग ऑफ फोरचा अँडी गिल 2020 मध्ये. यूके सब्जचा चार्ली हार्पर 1944 चा जन्म, आणि ऐंशी गाठेपर्यंत गात राहिला. म्हणून मूळ गायक किंवा गिटारवादक अजून सोबत असलेल्या बँडवर आधी खूण करा. दिवसाला तीन बँड पुरे. एखादा अगदी तरुण, नाव न ऐकलेला बँडही घ्या. आपण विशीत होतो तेव्हा या सगळ्यांना असंच कुणीतरी पहिल्यांदा ऐकलं होतं. दुपारी तासभर झोप हवीच, म्हणून हॉटेल चालत जाण्याच्या अंतरावर बघा आणि लिफ्ट आहे का हे फोन करून विचारा. समुद्रकाठच्या जुन्या गेस्टहाऊसमध्ये बहुतेकदा नुसता अरुंद जिना असतो.

औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनच्या प्रतीसह हातातल्या पिशवीत. मधुमेह असेल तर सोबतचं खाणं आत नेता येईल का, हे आयोजकांना आधी ईमेलने विचारा. काठी, व्हीलचेअर किंवा सोबतीचा माणूस लागणार असेल तर तेही त्याच ईमेलमध्ये लिहा, दारावर पोचल्यावर नको. आयरिश समुद्राचा वारा ऑगस्टमध्येही बोचतो, त्यामुळे पातळ जर्किन घ्या. सोबत्यांशी भेटायची एक जागा ठरवून ठेवा, गर्दीत फोनची रिंग ऐकू येत नाही. आणि महोत्सव संपतो त्या रविवारची रात्रही ब्लॅकपूललाच बुक करा, म्हणजे प्रेस्टनच्या परतीच्या गाडीसाठी शेवटचा बँड अर्धा सोडावा लागणार नाही.