बेळगावहून विमानाने: अंतराचा आणि वेळेचा हिशेब कसा मांडावा

बेळगावहून मुंबई किती लांब, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही खरी आहेत. महामार्गाने गेल्यास अंतर जवळपास ५०० किलोमीटर भरते, तर बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंत सरळ रेषा ओढल्यास ते सुमारे ४०० किलोमीटरच येते. विमानाचा वेळ काढताना हा दुसरा आकडा धरावा.

तो घरबसल्या काढता येतो. मोबाइलच्या नकाशावर विमानतळाच्या जागी बोट दाबून धरले की अक्षांश-रेखांश दिसतात. सांबऱ्याचे १५.८६ आणि ७४.६२, तर मुंबईचे १९.०९ आणि ७२.८७ आहेत. अक्षांशांतील फरक ३.२३ अंशांचा असून एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, म्हणून ही बाजू ३५९ किलोमीटरची झाली. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात, त्यामुळे या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश साधारण १०६ किलोमीटरचाच भरतो, १.७५ अंशांच्या फरकाचे १८६ किलोमीटर होतात. या काटकोनाच्या दोन बाजू धरून शाळेत शिकलेला पायथागोरसचा नियम लावला, की कर्ण ४०४ किलोमीटर येतो. परदेशातील लांबच्या शहरांसाठी मात्र ही रीत वापरू नये, कारण तिथे पृथ्वीची गोलाई हिशेबात घ्यावीच लागते.

आता वेळ. पंख्याचे लहान विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास आणि मोठे जेट ताशी ८०० च्या आसपास जाते असे धरून अंतराला भागावे, आणि धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे यांसाठी अर्धा तास मिळवावा. लहान विमानाने मुंबईला सुमारे सव्वा तास लागेल. सुमारे १,४३० किलोमीटरवरील दिल्लीला जेटने सव्वादोन ते अडीच तास धरावेत.

खरी चूक याच्या पुढे होते. खानापूरच्या माझ्या आत्याला सोडायला निघालो, तेव्हा सव्वा तासाचाच प्रवास म्हणून आम्ही निर्धास्त होतो. शहरातील गर्दीत अडकलो आणि विमान सुटायला ५२ मिनिटे उरली असताना काउंटरपाशी पोहोचलो. चेक-इन बंद झाले होते. लोणच्याच्या बरणीची पिशवी उराशी धरून ती किती तरी वेळ तशीच उभी राहिली, आणि तिची ती चर्या आठवली की आजही मला वाईट वाटते. बहुतेक कंपन्या देशांतर्गत विमानाचे चेक-इन ६० मिनिटे आधी बंद करतात, म्हणून सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजत यावे आणि निदान दोन तास आधी पोहोचण्याचे ठरवावे.

विमानतळही घराच्या जागेवरून निवडावा. बेळगाव, खानापूरकरांना सांबरा सोयीचा. निपाणीहून मात्र कोल्हापूर अवघे ४० किलोमीटर असल्याने तिथला उजळाईवाडीचा विमानतळ जवळ पडतो. गोव्याहून विमान असेल, तर पावसाळ्यात बेळगाव-गोवा रस्त्यावरील चोर्ला घाटासाठी जादा वेळ हाताशी ठेवावा.

दुबईच्या तिकिटावर दोन्ही ठिकाणच्या स्थानिक वेळा छापलेल्या असतात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते, त्यामुळे जाताना दोन वेळांतील फरकात दीड तास मिळवावा आणि येताना तो वजा करावा.